‘गुड विल हंटिंग’ : उपचार नेमका कोणत्या बैठकीत घडतो?

आपण मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘गुड विल हंटिंग’ या चित्रपटाच्या शेवटाकडे मानसोपचारक शॉन मॅग्वायर हा विल हंटिंगला, लहानपणी झालेल्या मारहाणीत तुझा काहीही दोष नाही, एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतो आणि आजवर कोणालाही जवळ येऊ न देणारा तो तरुण त्याच्या गळ्यात पडून रडतो. प्रत्यक्ष उपचारात असे घडते का, आणि न्यायालयाने सक्तीने पाठवलेल्या, समोरच्याची टर उडवण्यात पटाईत असलेल्या बुद्धिमान मुलाला एका वाक्याने असे मोकळे करता येते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. लहानपणी अत्याचार सोसलेल्या तरुणांबरोबर अनेक वर्षे काम करणारी समुपदेशक म्हणून माझे उत्तर असे की, असे रडणे घडते, पण ते त्या वाक्याच्या जोरावर घडत नाही. तेच वाक्य शॉनने पहिल्या भेटीत उच्चारले असते तर विलने त्यावरही एखादा झकास विनोद केला असता. ते वाक्य बोलण्याचा अधिकार शॉनने आधीच्या बैठकांत मिळवलेला आहे, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत मोठा वाटा ज्या बैठकीत दोघांपैकी कोणीही एक शब्द बोलत नाही तिचा आहे.

चित्रपट पाहून बराच काळ लोटला असेल, म्हणून कथानकाची मोजकी उजळणी करते. १९९७च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन गस व्हॅन सँट यांनी केले. पटकथा मॅट डेमन आणि बेन अ‍ॅफ्लेक या दोन तरुण नटांची. तेच त्यात विल आणि त्याचा जिवलग मित्र चकी झाले आहेत. नऊ ऑस्कर नामांकनांपैकी पटकथेचा पुरस्कार या दोघांना आणि सहायक अभिनेत्याचा पुरस्कार शॉनची भूमिका करणाऱ्या रॉबिन विल्यम्स यांना मिळाला. विल हा साउथ बोस्टनच्या आयरिश श्रमिक वस्तीतला, विशीतला, अनाथ आणि एका प्रतिपालकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात फिरत वाढलेला मुलगा आहे. एमआयटीत फरशी पुसण्याचे काम करता करता तो फळ्यावरची अवघड गणिते गुपचूप सोडवून जातो. बालवाडीत आपल्याला मारणारा एकजण रस्त्यात दिसताच तो त्याला बदडतो, पोलिसावरही हात उगारतो आणि कोठडीत जाऊन पडतो. गणितातले अतिशय मानाचे फील्ड्स पदक मिळवलेले प्राध्यापक लॅम्बो त्याला दोन अटींवर सोडवतात : दर आठवड्याला त्यांच्याबरोबर गणित आणि दर आठवड्याला मानसोपचार. विलने अनेक तज्ज्ञांना पळवून लावल्यावर लॅम्बो आपला महाविद्यालयातला जुना खोलीमित्र शॉन याच्याकडे येतात. शॉन बंकर हिल कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, आणि पत्नी कर्करोगाने गेल्यापासून त्याने जगण्यातून अंग काढून घेतलेले आहे.

गणिताविषयी जाता जाता एकच सांगते. फळ्यावरच्या प्रश्नांपैकी एक आलेखशास्त्रातला आहे : दहा बिंदूंचे असे सर्व वृक्ष (म्हणजे कुठेही बंद वळसा न होता रेषांनी जोडलेल्या बिंदूंच्या आकृत्या) काढायचे, ज्यांत कोणत्याही बिंदूपाशी नेमक्या दोनच रेषा मिळत नाहीत. असे वृक्ष दहाच आहेत आणि कागद-पेन्सिल घेऊन चिकाटीने बसणाऱ्याला ते सापडू शकतात. त्यासाठी नामांकित प्राध्यापकांना दोन वर्षे खर्ची घालावी लागली, हे पटकथेने घेतलेले स्वातंत्र्य आहे. त्यावरून चित्रपटाला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण विलची बुद्धी गणितात काय करते यापेक्षा ती त्याच्या आयुष्यात काय काम करते हे चित्रपटाला दाखवायचे आहे, आणि ते त्याने अचूक दाखवले आहे.

मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये मनाच्या संरक्षण यंत्रणांवरील आपल्या ग्रंथात किशोरवयातील बौद्धिकीकरणाचे वर्णन केले. जी भावना सोसवत नाही तिला विचारांत, सिद्धांतांत आणि वादविवादांत बदलून टाकायचे, म्हणजे ती हाताळता येते आणि तिचा स्पर्शही होत नाही, असे त्याचे स्वरूप असते. सामान्य बुद्धीच्या माणसाची ही यंत्रणा लवकर उघडी पडते. असामान्य बुद्धीच्या माणसाची पडत नाही, कारण ती सतत यशस्वी होत राहते. शॉन विचारतो की तुझ्या जिवाला जीव देणारे, तुझ्याशी भिडणारे कोणी आहे का, तेव्हा विल थोर लेखकांची आणि तत्त्वज्ञांची नावे घेऊ लागतो. ती सगळी मेलेली माणसे आहेत, याची शॉनला त्याला आठवण करून द्यावी लागते. उपचारकाच्या दृष्टीने हे उत्तर फार बोलके आहे. पुस्तकातला माणूस सोडून जात नाही, मारत नाही, आणि आपल्याविषयी काही विचारतही नाही.

पहिल्या भेटीत शॉन एक गोष्ट अगदी बरोबर करतो आणि एक अगदी चूक. बरोबर गोष्ट सहज नजरेतून सुटते : तो लॅम्बो आणि त्यांच्या सहायकाला खोलीबाहेर जायला सांगतो. तोवरचे उपचारक विलच्या दृष्टीने लॅम्बोचे नोकर होते आणि तो त्यांच्यासमोर प्रेक्षकांसाठी खेळ करत होता. प्रेक्षक गेल्यावरही विलचा खेळ चालूच राहतो, मात्र आता त्याला शिकार जवळून पाहावी लागते. तो भिंतीवरचे, वादळात एकटाच होडी वल्हवणाऱ्या माणसाचे शॉनने रंगवलेले चित्र पाहतो, त्यावरून शॉनच्या मनाचे शवविच्छेदन करतो आणि शेवटी त्याच्या पत्नीवर घसरतो. शॉन उठून त्याचा गळा धरतो आणि धमकी देतो.

ही चूक क्षम्य आहे असे सुचवणारे लेखन मी बरेच वाचले आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. लहानपणी ज्याला मोठ्या पुरुषांनी मारले त्याच्या गळ्याला उपचारकाने हात घालणे हा व्यवसायनीतीचा सरळ भंग आहे. प्रत्यक्षात तिथेच उपचार थांबतो, तक्रार होते आणि व्हायलाच हवी. चित्रपटाने ‘शॉनही त्याच वस्तीतला आहे, त्याला ती भाषा कळते’ असे दाखवण्यासाठी हा प्रसंग योजला असावा. वस्तीची भाषा कळणे आणि ती वापरणे यांत अंतर आहे, आणि शॉनला उपचारक म्हणवून घ्यायचे तर ते अंतर पाळणे हेच त्याचे काम होते.

तरीही या प्रसंगात विल काय करत होता हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविश्लेषक जोसेफ वाइस यांनी मांडलेली एक कल्पना मला रोजच्या कामात सर्वाधिक उपयोगी पडली आहे. त्यांचे म्हणणे असे की, उपचारासाठी आलेला माणूस नकळत उपचारकाची परीक्षा घेत असतो, आणि त्या परीक्षेचा एक प्रकार म्हणजे जे आपल्याला सोसावे लागले तेच समोरच्यावर करून पाहणे. ज्याचा पदोपदी पाणउतारा झाला तो उपचारकाचा पाणउतारा करतो, आणि हा माणूस ते कसे सोसतो, कोलमडतो की उलटून मारतो, हे बारकाईने पाहतो. त्याला मनातून उपचारकाने हरावे असे वाटत नसते. आपल्याला जे जमले नाही ते कोणाला तरी जमते का, हे त्याला पाहायचे असते. या मापाने शॉन पहिल्या परीक्षेत नापास झाला. परंतु भेट संपल्यावर लॅम्बो चिंतेत असताना तो पुढच्या वेळी मुलाला घेऊन या, असे सांगतो. आधीच्या प्रत्येक तज्ज्ञाने अपमानानंतर दार बंद केले होते. हा पहिला माणूस आहे जो दुखावला जाऊनही थांबला. विलच्या आयुष्यात असे कधी घडलेले दिसत नाही.

बोस्टन पब्लिक गार्डनमधल्या बाकावरचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात असतो. ऑगस्ट २०१४ मध्ये विल्यम्स यांचे निधन झाल्यावर चाहत्यांनी त्याच बाकापाशी फुले ठेवली आणि जमिनीवर खडूने वाक्ये लिहिली. तिथे शॉनचे दीर्घ भाषण आहे : तू कलेविषयी, युद्धाविषयी, प्रेमाविषयी पुस्तकातले सगळे सांगू शकशील, पण त्यातले काहीही तू अनुभवलेले नाहीस. भाषण सुंदर आहे, आणि सुंदर भाषणांकडे उपचारकाने जरा संशयानेच पाहावे असे मला वाटते. उपचारक जितका छान बोलतो तितका समोरचा श्रोता बनत जातो. त्या प्रसंगातील कामाची गोष्ट भाषणाच्या शेवटी येते. शॉन सांगतो की तुझ्याविषयी पुस्तकात सापडेल ते ऐकण्यात मला रस नाही, तू कोण आहेस हे तू सांगणार असशील तर मी ऐकायला तयार आहे, आणि तसे करायचे की नाही हे तुझ्यावर आहे. सक्तीने आलेल्या माणसाला, ज्याच्याकडून निर्णयाचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला आहे त्याला, इथे एक खरा निर्णय परत दिला जातो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारसंबंधाचे तीन घटक सांगितले : उद्दिष्टांवर सहमती, करावयाच्या कामांवर सहमती आणि परस्परांतला बंध. सक्तीच्या उपचारात सुरुवातीला तिन्ही नसतात. विलचे एकमेव उद्दिष्ट तुरुंग टाळणे हे आहे. अशा वेळी खोटे उद्दिष्ट लादण्यापेक्षा, यायचे तुला भागच आहे पण बोलायचे की नाही हे तुझ्या हाती आहे, असे प्रामाणिकपणे सांगणे हीच एकमेव उपलब्ध सुरुवात असते.

आणि विल न बोलण्याचा पर्याय निवडतो. पुढच्या बैठकीत दोघे समोरासमोर बसतात; विल बोलत नाही, शॉनही बोलत नाही आणि तास तसाच संपतो. लॅम्बोना हा पोरखेळ वाटतो, एकाच वस्तीतल्या दोन पोरांची एकमेकांकडे टक लावून बघण्याची शर्यत. शॉन मात्र ठाम आहे की पहिला शब्द तो काढणार नाही. ज्यांनी असा तास प्रत्यक्ष काढला आहे त्यांना ठाऊक असते की तो किती अवघड असतो. पहिली दहा मिनिटे समोरचा मुलगा जिंकत असतो आणि ते त्याच्या बसण्यात दिसते. मग तो खोली न्याहाळतो, नखे पाहतो, घड्याळाकडे बघतो. मध्येच एकदा चोरून तुमच्याकडे बघतो. तुम्ही चिडला आहात का, कंटाळला आहात का, सूड म्हणून गप्प बसला आहात का, हे त्याला तपासायचे असते. उपचारकाची सारी मेहनत त्या एका चोरट्या कटाक्षासाठी असते, कारण त्या क्षणी चेहऱ्यावर राग दिसला तर शांतता शिक्षा ठरते आणि आस्था दिसली तर तीच शांतता सोबत ठरते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ज्या घरात शांततेनंतर नेहमी मार बसला, तिथे वाढलेल्या मुलाला शेजारी मोठा पुरुष गप्प बसलेला असूनही काही वाईट घडले नाही, असा पूर्ण तास मिळणे ही गोष्ट कोणत्याही समजावणीपेक्षा खोलवर जाते. मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच यांनी १९४६ मध्ये ज्याला भावनिक दुरुस्तीचा अनुभव म्हटले तो हाच : जुनी परिस्थिती पुन्हा उभी राहते आणि तिचा शेवट मात्र वेगळा होतो.

त्यानंतरच्या बैठकीत विलच एक चावट विनोद सांगून कोंडी फोडतो. शॉन मनापासून हसतो. बदल्यात तो आपल्या पत्नीची झोपेतली एक अतिशय मानवी खोड सांगतो, आणि तिच्यातल्या अशा वैगुण्यांचीच आपल्याला सर्वाधिक आठवण येते असे म्हणतो. उपचारकाने स्वतःविषयी किती सांगावे यावर आमच्या व्यवसायात मतभेद आहेत. माझा निकष सोपा आहे : सांगितल्याने कोणाचे ओझे हलके होते, त्याचे की माझे? शॉनचे हे सांगणे निकषावर उतरते, कारण त्याच वेळी विल स्कायलर या हार्वर्डच्या विद्यार्थिनीला पुन्हा फोन करायला घाबरतो आहे. ती आता परिपूर्ण वाटते आणि ते चित्र बिघडवायचे नाही, असे कारण तो देतो. आपल्याविषयीचे तिचे चित्र बिघडेल ही त्यामागची भीती शॉन त्याला उलगडून दाखवतो. मात्र पुढे शॉन आपल्या दुःखाविषयी जितके बोलतो तितके मी बोलणार नाही. विल त्याला, पत्नीनंतर तू तरी कुठे जगतो आहेस, असे विचारतो तेव्हा प्रश्न रास्त असला तरी त्या तासाचा धनी कोण हे क्षणभर धूसर होते.

स्कायलरबरोबर जे घडते ते मला दर काही महिन्यांनी निराळ्या नावांनी ऐकायला मिळते. विल तिला आपल्याला बारा भाऊ आहेत अशी थाप मारतो आणि आपले घर दाखवत नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी कॅलिफोर्नियाला जाताना ती त्याला बरोबर येण्याचा आग्रह करते, तेव्हा त्याचा भडका उडतो. अंगावरच्या व्रणांची खरी हकिकत तो तिच्यावर दगडासारखी फेकतो आणि शेवटी आपले तिच्यावर प्रेम नाही असे सांगून निघून जातो. कोणी सोडून जाण्याआधी आपणच सोडायचे, म्हणजे किमान वेळ तरी आपण ठरवली असे होते. शॉन हे लॅम्बोना जवळजवळ याच अर्थाने समजावतो. तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी सुशिक्षित माणसांना सहसा पटत नाही : विलचे ते टवाळ मित्र त्याच्या प्रगतीतला अडथळा नाहीत, त्याच्यासाठी अंगावर वार घेतील अशी जगात तेवढीच माणसे आहेत. दुखावलेल्या तरुणाला ‘वाईट संगती’तून सोडवण्याची घाई करणाऱ्यांनी आधी त्या संगतीने त्याला काय दिले याची नोंद घ्यावी.

लॅम्बो दुष्ट नाहीत, म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहेत. ते शॉनला रामानुजन यांचे उदाहरण देतात, आणि ते देताना रामानुजन कुठल्याशा झोपडीत राहणारे, औपचारिक शिक्षण नसलेले असल्याचे भासवतात. वास्तविक रामानुजन कुंभकोणमच्या शाळेत शिकले, महाविद्यालयातही गेले आणि जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले तेव्हा मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. ही चूक पटकथेची असली तरी लॅम्बोंच्या स्वभावाला शोभते : प्रतिभा सापडली की तिच्या भोवतीचा माणूस त्यांना अंधुक दिसू लागतो. शॉन उलट टेड कॅझिन्स्कीची आठवण करून देतो. तो गणिताचा हुशार अध्यापक होता आणि पुढे टपालाने बॉम्ब पाठवू लागला. विलला बुद्धीमुळे मोल देणारा प्रत्येक जण, नकळत, त्याच्या संरक्षणाच्या भिंतीलाच रंग देत असतो. याच कारणासाठी लॅम्बो आणि शॉन यांच्यात विलवरून सतत चाललेली चर्चा मला खटकते. न्यायालयाने पाठवलेल्या माणसाच्या बाबतीत कोणाला काय कळवले जाईल, फक्त हजेरी की आणखी काही, हे पहिल्याच बैठकीत त्याला स्पष्ट सांगायचे असते आणि त्यापलीकडे एक शब्दही खोलीबाहेर जाऊ द्यायचा नसतो. विल दारात उभा राहून या दोघांचे आपल्यावरचे भांडण ऐकतो. चित्रपटात ते खपून जाते, प्रत्यक्षात त्या दिवशी बहुधा आपण सगळे गमावून बसतो.

त्या भांडणानंतरच तो प्रसिद्ध प्रसंग येतो. शॉनच्या हातात विलच्या जखमांची छायाचित्रे असलेली, न्यायालयाकडे परत पाठवायची फाइल आहे. विल विचारतो की तुला याचा अनुभव आहे का. शॉन व्यावसायिक अनुभव सांगू लागतो, तेव्हा विल तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि आता शॉन खरे उत्तर देतो : हो, दारुड्या बापाचा. मग विल सांगतो की त्याचा प्रतिपालक टेबलावर पाना, काठी आणि पट्टा ठेवून निवड म्हणायचा. शॉन म्हणतो की आपण पट्टा निवडला असता. विल पाना निवडायचा, केवळ त्या माणसाला खिजवण्यासाठी. मार चुकणार नसेल तर सर्वांत वाईट मार स्वतः मागून घ्यायचा, यात त्या मुलाला उरलेला एकमेव अभिमान आहे. पुढे पोलिसाला मारणे, नोकऱ्यांच्या मुलाखतींत समोरच्यांची खिल्ली उडवणे, स्कायलरला तोडणे, या सगळ्यांत तो अजूनही पानाच निवडतो आहे.

आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे : मार खाणाऱ्या मुलाला स्वतःचा दोष का वाटावा? स्कॉटलंडचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले ते मला आजही सर्वांत पटते. वाईट घरांतून आलेली मुले आईबाप वाईट होते हे सांगायला फार कचरतात, पण आपण वाईट आहोत हे चटकन मान्य करतात, असे त्यांनी पाहिले. मोठी माणसे वाईट असतील तर मुलाला सुटकेचा मार्गच उरत नाही. आपणच वाईट असू तर निदान चांगले वागून कधीतरी मार थांबेल अशी आशा उरते. म्हणजे दोष घेणे हा मुलाने आशेसाठी केलेला सौदा असतो. म्हणून ‘दोष तुझा नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला केवळ दिलासा वाटत नाही. ते त्याच्याकडून जुनी आशा काढून घेते, आणि जे घडले ते रोखण्यासारखे आपल्या हातात काहीच नव्हते, हे कबूल करायला लावते. विलचे रडणे हे सुटकेपेक्षा शोकाचे रडणे आहे.

पहिल्यांदा वाक्य ऐकताच विल म्हणतो की मला माहीत आहे. त्याआधी क्षणभर त्याने आपल्यात अमुक विकार असावा, सोडून दिले जाण्याची भीती असावी, अशी निदाने स्वतःच करून दाखवलेली आहेत. बुद्धीने त्याला सगळे माहीतच आहे; वर्षानुवर्षे माहीत असण्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. शॉन नवी माहिती देत नाही, म्हणूनच तो तेच वाक्य तसेच पुन्हा म्हणू शकतो. विल त्याला ढकलतो आणि निदान तू तरी माझ्याशी असा खेळू नकोस, या अर्थाचे काही बोलतो. ‘निदान तू तरी’ यात मागच्या सर्व बैठकांचे फळ आहे. ज्याचे वागणे आपल्या मनाला लागू शकते असा एक माणूस आता त्याच्या आयुष्यात आहे.

प्रत्यक्षात मात्र इथे उपचार संपत नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, आठवण आणि शोक, आणि जगाशी पुन्हा जोडले जाणे. त्यांच्या मांडणीत विल दुसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर पोहोचला आहे. पुढच्या आठवड्यांत झोप बिघडते, राग वाढतो, एखादी बैठक चुकवली जाते, आणि असे रडल्याची लाज वाटून काही जण येणेच सोडतात. आज अशा इतिहासाच्या तरुणाची आघातोत्तर ताणविकारासाठी रीतसर तपासणी केली जाईल आणि गरज असल्यास आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारे, साधारण ८ ते १५ सत्रांचे संरचित उपचार दिले जातील. नाते हे सर्वस्व आहे असा समज चित्रपटामुळे होऊ शकतो, म्हणून एक आकडा देते. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात उपचारसंबंधाची गुणवत्ता आणि उपचाराचे फलित यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.२८ आढळला. म्हणजे फलितातल्या फरकांपैकी साधारण ८ टक्के फरकाचा मेळ नात्याशी लागतो. आमच्या क्षेत्रात एखाद्या एकाच घटकासाठी हा प्रभाव चांगला मोठा मानला जातो, तरी बरेच काही त्याच्या बाहेर उरते.

त्या बाहेर उरलेल्यात चकी येतो. बांधकामाच्या जागी उभा राहून तो विलला सुनावतो की वीस वर्षांनी तू इथेच दिसलास तर मी तुझा जीव घेईन, आणि रोज सकाळी तुझे दार ठोठावताना तू न सांगता निघून गेलेला असावास अशी माझी इच्छा असते. हे शॉन सांगू शकला नसता. उपचारकाने जा म्हटले तर तो सल्ला असतो. ज्याला सोडून जायचे त्यानेच जा म्हटले, की जाणे म्हणजे दगा देणे नव्हे, अशी परवानगी मिळते, आणि ज्याच्या दृष्टीने सोडून जाणे हेच जगातले सर्वांत मोठे पाप आहे अशा विलला तिचीच गरज होती.

आपण शेवटी विचारले आहे की आपल्या ओळखीच्या, अशाच लहानपणातून गेलेल्या तरुणाला आपण हे वाक्य म्हणावे का. म्हणावे, पण चित्रपटातल्यासारखे नाही. जेव्हा तो स्वतः काही सांगेल तेव्हाच, एकदाच, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणावे. तो हसला, चिडला किंवा मला माहीत आहे म्हणाला तर विषय त्याच्या हाती सोडून द्यावा. शॉन वाक्य म्हणत म्हणत जवळ सरकत जातो, विल त्याला ढकलतो तरी थांबत नाही. ज्याने मार खाल्ला आहे त्याच्या दिशेने, त्याने नको म्हटल्यावरही पुढे सरकत जाणारा माणूस त्याला आधी धोकाच वाटतो. मी त्या जागी असते तर ढकलल्याबरोबर दोन पावले मागे गेले असते, बसले असते आणि तास संपेपर्यंत तिथेच थांबले असते. आणि तो पुढच्या आठवड्यात आला नाही, तर मी त्याला फोन केला असता.